सप्टेंबरातलं मशीन

बोर्ड हिरवा झाला तेव्हा सुधा चहाचा कप घेऊन खिडकीशी उभी होती. मागं टाळ्या वाजल्या, कुणीतरी शिट्टीही मारली, आणि तिनं वळून बघितलं तर भिंतीवरच्या टीव्हीतले तिन्ही चौकोन हिरवेगार. विंडोज, मॅक आणि लिनक्स, तीन तऱ्हेच्या कॉम्प्युटरांचे. पहिल्या दोघांचं कुणाला काही विशेष नव्हतं, ते बहुतेक वेळा हिरवेच असत. तिसरा, लिनक्सचा, दसऱ्यापासून सारखा लाल होत होता आणि त्या लालाखाली दर वेळी एकच नाव उमटायचं, हर्षालीचं. गंगापूर रोडवरच्या त्या दुसऱ्या मजल्यावर जो प्रोग्राम बनायचा तो द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमधलं तापमान राखायचा. तो हापिसांतल्या विंडोजवर चालायचा, काही निर्यातवाल्यांच्या मॅकवर चालायचा आणि थंड खोलीच्या भिंतीवर जो डबा ठोकलेला असतो त्यातल्या लिनक्सवर. कुणी कोडमध्ये काहीही बदललं की कपाटातली तीन मशीनं आपापल्या परीनं तो प्रोग्राम पुन्हा बांधायची, त्याला बिल्ड म्हणायचं, आणि मग त्याच्यावर लिहून ठेवलेल्या टेस्ट चालवायची : थंडी जास्त झाली तर भोंगा वाजतो का, वीज गेली तर आकडे राहतात का. सगळं जमलं तर हिरवा. एक जरी फसलं तरी लाल, आणि खाली तो बदल करणाऱ्याचं नाव. ज्याचं नाव लागलं त्यानं सकाळच्या बैठकीत उभं राहून आपली चूक सांगायची. ही सगळी यंत्रणा सुधानं उभी केलेली. नाव लावायची आणि उभं करायची कल्पनासुद्धा तिचीच. चारचौघांत लाज वाटली की माणूस नीट काम करतो, असं ती म्हणायची. नुसतं म्हणायची नाही, पटवून द्यायची.

तर हिरवा झाला, आणि तीही सगळ्यांबरोबर हसली. हर्षाली मात्र आपल्या खुर्चीत मान खाली घालून बसली होती. देवळ्याकडची मुलगी, कांद्याच्या शेतातलं घर, कॉलेज सिन्नरला केलेलं. तिच्या उमेदवारीचे महिने या आठवड्यात संपत होते. तिला कायम करायचं की नाही हे विहंगनं सुधावर सोडलं होतं. विहंग म्हणजे मालक, वयानं सुधापेक्षा चांगला लहान, पण समजूतदार. आज संध्याकाळपर्यंत सांगा, सुधाताई, असं तो सकाळी म्हणाला होता आणि सुधानं मनात उत्तर कधीच ठरवून टाकलं होतं. मुलगी कष्टाळू आहे पण कच्ची आहे. आता हा चौकोन हिरवा झालेला बघून तिला वाटलं, चला, जाता जाता एक तरी गोष्ट धड केली पोरीनं. काय केलं म्हणून तिनं सहज बदल उघडून बघितला. हर्षालीनं काहीच दुरुस्त केलं नव्हतं. जी टेस्ट लाल येत होती ती तिनं उचलून काढून टाकली होती. परीक्षाच रद्द केली तर नापास कोण होणार? सुधाची कानशिलं तापली. पण खरं सांगायचं तर त्या रागात एक गोडीही होती. आपण ओळखलं होतं हे खरं ठरल्याची गोडी. ही कच्चीच नाही, लबाडही आहे, आणि हे पुराव्यानिशी विहंगपुढं ठेवायचं, अशा तोऱ्यात ती खुर्चीत बसली आणि पुरावा गोळा करायला तिनं लिनक्सच्या मशीनवरचा लॉग उघडला.

लॉग म्हणजे मशीनची बडबड. काय केलं, काय झालं, ओळीमागून ओळ. हजार ओळींत कामाच्या चार. सुधाची नजर अशा ओळींवरून वर्षानुवर्षं घसरत आलेली, फसलं हा शब्द आला की थांबायचं, बाकीचं सोडून द्यायचं. आज तिला पुरावा हवा होता म्हणून ती पहिल्यापासून वाचत गेली, आणि अगदी वरतीच मशीन इंग्रजीत कुरकुरताना दिसलं : काही फाइली भविष्यातल्या दिसताहेत, घड्याळ बघा, बिल्ड अपुरं राहिलं असू शकतं. तिनं कालचा लॉग उघडला. त्यातही तेच. परवाचा, त्याच्या आधीचा. रोज, दर वेळी, मशीन बिचारं सांगत होतं. सुधानं मशीनला तारीख विचारली. बाहेर दिवाळी होऊन गेली होती, समोरच्या बाल्कनीत आकाशकंदील अजून लटकत होता, आणि मशीन म्हणालं, सप्टेंबर. तिनं पुन्हा विचारलं. मशीन पुन्हा म्हणालं, सप्टेंबर. टेबलावरचा चहा तिनं बाजूला सारला तो नंतर प्यालाच नाही.

तिला कुणी सांगायची गरज नव्हती. दसऱ्याला हापिसात मशीनांची पूजा असते. एरवी ती तिन्ही मशीनं कधी बंद होत नाहीत, पण दसऱ्याला बंद करायची, बाहेर काढायची, ब्रशनं धूळ झाडायची, हळदीकुंकू, झेंडूची माळ, आपट्याची पानं. हे सगळं सुधाच्या हातून होई, ती पंचवटीतल्या भटजीबुवांची लेक म्हणून. लिनक्सचं मशीन जुनं, त्याच्यातली घड्याळाची बॅटरी मेलेली, आणि बाहेरच्या इंटरनेटला ते जोडायचं नाही ही गिऱ्हाइकाची अट. म्हणून बंद करून चालू केलं की तारीख हातानं लावावी लागे. तशी तिनं ती लावली. मागं विहंग पेढ्यांचा खोका घेऊन उभा, ताई चला ना, सगळे थांबलेत, आणि तिनं महिन्याच्या जागी दहाऐवजी नऊ दाबलं. बस, एवढंच. बोर्डवरची वेळ विंडोजच्या मशीनकडून यायची, त्यामुळं कुणाच्या डोळ्यांवर आलं नाही. पण लिनक्सचं मशीन तेव्हापासून एक महिना मागं जगत होतं. आणि मशीनाचं डोकं ते केवढं. बदललेली फाइल आली की ते तारीख बघायचं. आधी बांधून ठेवलेला तुकडा सप्टेंबरअखेरचा, आणि ही नवी फाइल आली सप्टेंबरच्या सुरुवातीला, म्हणजे ही जुनीच, हिला पुन्हा कशाला बांधा, असं म्हणून सोडून द्यायचं. हर्षालीची दुरुस्ती त्या मशीनानं एकदासुद्धा हातात घेतली नव्हती. तिनं नवी लिहिलेली टेस्ट मात्र अगदी कोरी, तिला आधीचा तुकडाच नाही, म्हणून ती इमानानं बांधली जायची आणि जुन्याच प्रोग्रामवर चालवली जायची. फसणार नाही तर काय होणार?

मग बाकीच्यांचं कसं हिरवं राहिलं? हे सुधाला जरा उशिरा सुचलं आणि सुचलं तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाकीच्यांचे बदलही मशीनानं घेतले नव्हते. अमोलचे नाही, धनराजचे नाही, मृण्मयीचे नाही. जुनं कोड जुन्या टेस्टमध्ये पास होत होतं, कारण त्यांनी नव्या टेस्ट लिहिल्याच नव्हत्या. दर बदलाबरोबर एक टेस्ट लिहायचीच असा सुधाचा दंडक होता. सगळे हो ताई म्हणायचे आणि टाळायचे. तो दंडक पाळणारी अख्ख्या हापिसात एकच निघाली आणि तिचंच नाव महिनाभर भिंतीवर लाल झालं. आणि बैठका! सुधाला एकेक बैठक आठवायला लागली, नको म्हटलं तरी. हर्षाली उभी राहायची, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायची. “ताई, माझ्या मशीनवर पास होतंय हो. इथंच काय होतं कळत नाय.” नाय म्हटलं की धनराज हसायचा, आणि सुधा त्याला गप्प करायची नाही. एकदा ती पोर धीर करून म्हणाली होती, “ताई, एकदा सगळं पुसून पहिल्यापासून बिल्ड करून बघू का?” बरोब्बर म्हणाली होती. एवढं केलं असतं तर त्याच दिवशी गाठ सुटली असती. सुधानं काय म्हणावं? “मशीनला नावं ठेवण्याआधी लॉग वाचायला शिक.” हशा पिकला होता. लॉग वाचायला शिक! त्या लॉगची पहिलीच ओळ ती स्वतः महिनाभर ओलांडत होती.

खिडकीबाहेर गंगापूर रोडची वाहनं चालली होती, सिग्नल सुटायचा, पुन्हा अडकायचा, आणि सुधाला घाम फुटला होता. चूक होते, तारीख चुकते, त्याचं एवढं काय, असं ती स्वतःला समजावत होती आणि ते खरंही होतं, त्याची लाज अशी फार नव्हती. लाज दुसऱ्याच गोष्टीची होती आणि ती तिच्या मनाच्या दाराशी येऊन बसली होती, हटत नव्हती. उन्हाळ्यात मृण्मयीचं असंच काहीतरी अडलं होतं. मृण्मयी कॉलेज रोडची, वडील डॉक्टर, बोलणं सफाईदार. ती नुसती जागेवरून म्हणाली, “ताई, मशीन गंडलंय बहुतेक,” आणि सुधा हातातलं टाकून उठली होती, सगळं पुसून पहिल्यापासून बिल्ड लावलं होतं, तासभर वाट बघितली होती. तेव्हा मशीनमध्ये काहीसुद्धा नव्हतं, चूक मृण्मयीचीच निघाली, आणि दोघी त्यावर हसल्या होत्या. तिला नव्हतं सांगितलं लॉग वाचायला शिक म्हणून. का नव्हतं? सुधा या प्रश्नाच्या भोवती फिरत राहिली, त्याला शिवायची हिंमत होईना. आपण तसल्या नाही, अशी तिची स्वतःबद्दलची पक्की समजूत होती. आपण शिकलेल्या, आपल्याला माणसामाणसांत फरक करायची सवय नाही. एवढी वर्षं ती या समजुतीवर झोपत होती.

आणि वडील आठवले. गंगाधरभट. रामकुंडावर यजमानांची कार्यं सांगायचे. सुधा लहान होती, शाळेला सुट्टी, वडिलांच्या मागं ताम्हन घेऊन बसलेली. कुणी परगावचं मोठं कुटुंब आलं होतं, चांगली दहा-बारा माणसं ओल्या धोतरांनी, ओल्या लुगड्यांनी मांडी घालून बसलेली. संकल्पात वर्ष, महिना, तिथी सगळं म्हणायचं असतं. अधिक श्रावण चालू होता आणि वडील ओघात नुसताच श्रावण म्हणून गेले. पुढं बरंच झालं, पिंड मांडले गेले, कुणाला पत्ता नाही. आणि वडील एकदम थांबले. “महिना चुकला माझ्याकडून,” ते मोठ्यानं म्हणाले. “पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल. माफी असावी.” यजमान वैतागला, त्याची बस होती. शेजारचे भटजी हसले, अहो गंगाधरपंत, कोण बघतंय. वडिलांनी ऐकलं नाही, दर्भापासून पुन्हा मांडलं. सुधाला तेव्हा वडिलांची भयंकर लाज वाटली होती. असं सगळ्यांसमोर कशाला सांगायचं, असं तिला झालं होतं, आणि घरी जाताना ती त्यांच्यापासून चार पावलं मागं चालली होती. वडिलांच्या ते लक्षात आलं असेल का, हे तिला आजपर्यंत कळलेलं नाही. विचारायचं राहिलं ते राहिलंच.

पण सुधा वडिलांसारखी नव्हती. तिनं आधी काय केलं म्हणाल, तर तिनं इकडंतिकडं बघितलं आणि गुपचूप तारीख दुरुस्त केली. मग सगळं पुसून पहिल्यापासून बिल्ड लावलं. हर्षालीनं काढलेली टेस्ट स्वतःच परत घातली आणि वाट बघत बसली. तेवढ्या वेळात तिच्या डोक्यात काय काय येऊन गेलं! कुणाला कळणार नाही. काही बोललं नसतं तरी दोन-चार दिवसांत मशीन आपणहून सप्टेंबरातून बाहेर पडलं असतं, जुने तुकडे खरोखरच जुने झाले असते आणि दुखणं आपोआप गेलं असतं. कोण विचारतंय? विहंगला सांगायचं, मुलगी सुधारतेय, करून टाक कायम. कुणाचं नुकसान नाही. उलट पोरीचं भलंच. तिनं हे इतकं नीट रचलं की क्षणभर ते चांगुलपणासारखं दिसायला लागलं. बाहेरच्या पॅसेजमध्ये हर्षाली फोनवर आईशी बोलत होती, दबक्या आवाजात, तिच्या अहिराणीत. “आठे बठ्ठं बरं शे,” म्हणत होती. इथं सगळं बरं आहे. आवाज मात्र बरा नव्हता. सुधा उठून दार लावून घेणार होती, पण उठली नाही, ऐकत राहिली. तेवढ्यात बिल्ड संपलं. हर्षालीची दुरुस्ती, हर्षालीची टेस्ट, तिन्ही चौकोन हिरवे. या वेळी टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, कारण आधीच हिरवं होतं, कुणाचं लक्षच नव्हतं.

ती विहंगच्या केबिनमध्ये गेली आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. दसरा, महिना, तारीख, सगळं. एवढं तरी तिनं केलं. विहंग आधी चकित झाला, मग चक्क हसला.

“म्हणजे महिनाभर लिनक्सवर आपण काहीच बिल्ड करत नव्हतो? बरं झालं डब्यांवर काही पाठवलं नव्हतं. बसा ना ताई, उभ्या काय!”

“हर्षालीचं काम बरोबर होतं, विहंग. पहिल्या दिवसापासून.”

“मग प्रश्नच मिटला. तिला कायम करू. पत्र आजच देतो.” तिचा चेहरा बघून तो जरा खालच्या आवाजात म्हणाला, “आणि हे घड्याळाचं बाहेर बोलायची गरज नाही हं. कशाला उगाच? तुमचा धाक आहे म्हणून हापिस चालतंय. पोरं दात काढतील. तिचं काम झाल्याशी कारण.”

आता बघा, याच्यासारखं सोपं काय होतं? सुधाला क्षणभर इतकं हलकं वाटलं की तिला स्वतःचीच किळस आली. ती बरं म्हणाली. होय, बरं म्हणाली आणि बाहेर आली. तिच्या टेबलाशी हर्षाली उभी होती, डोळे लाल, पण रडत नव्हती. वाट बघत असावी.

“ताई, मला एक सांगायचं होतं. तो बोर्ड हिरवा झाला ना, ते मी टेस्ट काढली म्हणून झाला. मी काही दुरुस्त नाय केलं.”

“का काढलीस?” सुधाच्या तोंडून सवयीनं गेलं.

“तुम्ही म्हणता चूक माझ्याकडं आहे. कोड तर मी सतरांदा बघितलं, त्यात सापडत नाय. मग मला वाटलं, माझी टेस्टच चुकीची असणार. मलाच लिहिता येत नसंल.” ती थांबली. “सगळे टाळ्या वाजवायला लागले, तेव्हा बोलायला नाय जमलं. फसवायचं नव्हतं मला. विहंगसरांना तुम्ही सांगा, चालंल. मी घरी जायची तयारी ठेवलीये.”

लबाड म्हणून पुरावा शोधायला निघालेल्या बाईला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. ती पोर लबाड नव्हती. तिनं सुधावर विश्वास ठेवला होता, इतका, की आपल्या डोळ्यांवरचा उडाला. चांगली टेस्ट तिनं आपल्या हातानं काढून टाकली, कारण सुधाताई चुकत नाहीत. सुधाला बसावंसं वाटत होतं पण ती बसली नाही. ती वळली आणि आवाज चढवून म्हणाली, “जरा सगळे इकडं बघा.” आवाज चिरकला. अमोलनं कानावरचा हेडफोन काढला, धनराज खुर्चीसकट फिरला, मृण्मयीनं मान वर केली, केबिनच्या काचेआडून विहंग बघत राहिला. सुधानं सांगितलं. दसऱ्याला तारीख मी चुकवली, लॉगमध्ये रोज येत होतं ते मी वाचलं नाही, लिनक्सवर महिनाभर कुणाचंच काम बांधलं गेलं नाही. हर्षालीचं कोड बरोबर होतं, टेस्टही बरोबर होती, आणि ती टेस्ट होती म्हणूनच हे उघडकीला आलं. मी तिला तुमच्यासमोर नाही नाही ते बोलले, म्हणून तुमच्यासमोरच तिची माफी मागते. सगळं म्हणून झालं. मग धनराज म्हणाला, “ताई, म्हणजे आमची पगारवाढ पण सप्टेंबरपासून धरायची का?” आणि खसखस पिकली. हसण्यानं सगळ्यांचं अवघडलेपण गेलं, सुधाचंही जाऊ बघत होतं. कुणीतरी हर्षालीला अभिनंदन म्हणालं. विहंग बाहेर येऊन पत्राचं बोलला. हर्षाली थँक्यू सर म्हणाली. ती हसली नव्हती.

सगळे आपापल्या कामाला लागल्यावर ती सुधाच्या टेबलाशी परत आली. सुधाला वाटलं, आता ही म्हणेल, जाऊ द्या ताई, होतं असं. ते ऐकायला तिचा जीव आसुसला होता, आणि आसुसला होता याचीही तिला लाज वाटत होती.

“ताई, एक विचारू?”

“विचार ना.”

“तुम्हाला एकदा पण नाय वाटलं का, की ही खरं बोलत असंल?”

सुधाला पुष्कळ उत्तरं सुचली. कामाचा ताण होता, मशीन जुनं आहे, माझं वय झालं. तिनं त्यातलं एकही वापरलं नाही. “नाही,” ती म्हणाली. “नाही वाटलं.”

हर्षालीनं मान हलवली. तिला ते बहुधा ठाऊकच होतं. मग तिनं मृण्मयीच्या खुर्चीकडं एकदा बघितलं, आणि आवाज न चढवता विचारलं, “मृण्मयी म्हणाली असती तर?”

घड्याळाचं सांगताना आवाज चिरकला होता पण निघाला तरी होता. हे त्याहून अवघड होतं. सुधानं टेबलाची कड धरली. खोटं बोलणं शक्य होतं. समोरची मुलगी वाट बघत होती, आणि एवढ्या महिन्यांत प्रथमच सुधा तिच्याकडं नीट बघत होती, डोळ्यांकडं.

“तिचं लगेच ऐकलं असतं,” सुधा म्हणाली.

“हां,” हर्षाली म्हणाली. “एवढंच विचारायचं होतं मला.” ती आपल्या जागेवर गेली, डबा पिशवीत टाकला, ओढणी सावरली. जाता जाता परत आली. “मी उद्यापासून येते, ताई. नोकरी नाय सोडत. पण माझं काम तपासायला तुमच्याकडं नको. विहंगसरांना सांगा तसं.”

“सांगते,” सुधा म्हणाली.